मांडवीवरचा कॅसिनो : एका सहलीचा जमाखर्च

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या जोडप्याला कायद्याने चालणाऱ्या कॅसिनोत एक संध्याकाळ घालवायची असेल, तर त्याला पणजी गाठावी लागते. रस्त्याने हे अंतर साडेआठशे ते नऊशे किलोमीटर भरते. नागपूर, पुणे, मुंबई यांपैकी कोणत्याही शहरात कॅसिनो नाही. भारतात कॅसिनो प्रत्यक्ष चालतात ते गोव्यात आणि सिक्कीममध्ये. सिक्कीमने त्यासाठी २००२ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि गंगटोकच्या हॉटेलांत कॅसिनो सुरू झाले. विदर्भातून तिकडे जाण्यापेक्षा गोवा सोपा, आणि गोव्यात समुद्रही आहे.

महाराष्ट्रात कॅसिनो का नाहीत, याचा इतिहास थोडा गमतीचा आहे. १९७६ या एकाच वर्षी दोन शेजाऱ्यांनी दोन कायदे केले. गोवा, दमण आणि दीव या तेव्हाच्या केंद्रशासित प्रदेशाने सार्वजनिक जुगार कायदा केला, तो जुगार बंद करण्यासाठी. महाराष्ट्राने कॅसिनो नियंत्रण व कर कायदा केला, तो परवाना देऊन कॅसिनो चालू देण्यासाठी. पुढे घडले ते नेमके उलटे. महाराष्ट्राचा कायदा विधिमंडळात मंजूर झाला, पण तो अमलात आणण्याची अधिसूचना कोणत्याच सरकारने काढली नाही. सुमारे सत्तेचाळीस वर्षे तो कागदावर पडून राहिला. त्याचा आधार घेऊन परवाने मागणारे अधूनमधून डोके वर काढत, न्यायालयातही जात. अखेर २०२३ मध्ये राज्याने तो रद्दच केला. गोव्याने मात्र आपल्या बंदीच्या कायद्याला १९९० च्या दशकात दुरुस्त्यांची ठिगळे लावली. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिनना वाट मिळाली. पुढच्या दुरुस्तीने रुलेट, पत्ते असे टेबलावरचे खेळ आले, तेही फक्त पाण्यावरच्या जहाजांत. आज पणजीच्या मांडवी नदीत उभ्या असलेल्या सगळ्या झगमगाटाला बंदीच्या कायद्यातील एका अपवादाचाच आधार आहे.

कॅसिनो नसले म्हणून जुगार नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे आणि यवतमाळच्या पोलिसांना तो वर्षभर पुरतो. पोळ्याच्या दिवसांत विदर्भात गावोगाव पत्त्यांचे डाव बसतात. वणी, झरी जामणी, पांढरकवडा या पट्ट्यात कोंबडबाजार भरतो आणि पायाला काती बांधलेल्या कोंबड्यांवर पैसे लागतात. या सगळ्यांहून दूरवर पसरलेला प्रकार म्हणजे वरली मटका. त्याची मुळे यवतमाळच्या मुख्य पिकाशी, कपाशीशी, जाऊन भिडतात. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडण्याचा आणि बंद होण्याचा भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कापूस बाजारात येत असे, आणि त्या भावांतील आकड्यांवर पैजा लागत. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून भाव येणे बंद झाले. आकडा लावणारे होते, पण आकडा देणारा बाजार राहिला नाही. वरळीत १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी ही जागा भरून काढली. कापसाच्या भावाऐवजी मडक्यातून काढलेले, पुढे पत्त्यांतून काढलेले आकडे ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ म्हणून जाहीर होऊ लागले. कापूस गेला, पण त्याच्या बाजाराचे शब्द राहिले. मटक्याचा परंपरागत दर एका रुपयाला नऊ रुपये आहे. शून्य ते नऊ असे दहा आकडे आणि मिळणार नऊ रुपये, म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभरातले दहा चालवणाऱ्याचे. हा दहा टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तुलनेला लागेल.

गोव्यातील पाण्यावरचा पहिला कॅसिनो ‘कॅराव्हेला’ हे जहाज होते. ते या शतकाच्या आरंभी सुरू झाले. त्यानंतर मांडवीत एकेक जहाज येत गेले. डेल्टिन रॉयल, कॅसिनो प्राइड, बिग डॅडी ही आजची ठळक नावे. ती पणजीच्या दयानंद बांदोडकर मार्गासमोर, बेतीच्या किनाऱ्याला तोंड करून नदीपात्रात नांगरलेली असतात. जहाज म्हटले तरी ती प्रवासाला निघत नाहीत. पाण्यावर तरंगणे ही कायद्याची अट आहे आणि तेवढी ती पाळतात. पाण्याला या व्यवसायाची पर्वा नसते, याचा दाखला जुलै २०१७ मध्ये मिळाला. नव्याने आणले जाणारे ‘लकी सेव्हन’ हे जहाज पावसाळी समुद्रात मिरामारजवळच्या वाळूत रुतले आणि काही महिने तिथेच अडकून पडले. नाव ठेवणाऱ्यांना तेव्हा बरेच ऐकून घ्यावे लागले असेल.

यवतमाळहून निघण्याच्या वाटा तीन. शहराला अजून ब्रॉडगेज नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचे काम रेंगाळलेले आहे, म्हणून रेल्वेसाठी वर्धा किंवा बडनेरा गाठावे लागते. तेथून नागपूर–मडगाव ही विशेष गाडी भुसावळ, कल्याण, पनवेल असा मोठा वळसा घेऊन कोकण रेल्वेवर उतरते. दुसरी वाट नागपूरहून विमानाची. जानेवारी २०२३ पासून मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळही वापरात आहे, पण तो पेडणे तालुक्यात असल्याने पणजी तिथून जवळ नाही. तिसरी वाट नांदेड, सोलापूर, कोल्हापूर करत जाणाऱ्या रस्त्याची. या रस्त्याचे चित्र पुढेमागे पालटू शकते. प्रस्तावित नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्ग वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरील पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०२ किलोमीटरचा आखला गेला आणि त्यात यवतमाळ जिल्हा येतो. अठरा तासांचा प्रवास आठ तासांवर येईल असे सरकार सांगते. जमिनी जाणार म्हणून शेतकऱ्यांचा, विशेषतः कोल्हापूरकडे, कडवा विरोध आहे आणि आखणीवर अजून वाद चालू आहेत. माहूर, तुळजापूर आणि कोल्हापूरच्या देवींच्या नावाने निघालेला हा रस्ता जिथे संपायचा आहे, त्याच पेडणे तालुक्यात धारगळ येथे डेल्टा कंपनीने कॅसिनोसह मोठा मनोरंजन प्रकल्प प्रस्तावित केलेला आहे. देवदर्शन आणि रुलेट एकाच फेरीत उरकण्याची सोय आखणाऱ्यांनी मुद्दाम केली नसावी.

पणजीत पोचल्यावर जोडपे धक्क्यावरच्या काउंटरवर जाते. ओळखपत्र दाखवावे लागते, कारण २१ वर्षांखालच्यांना खेळाच्या मजल्यावर प्रवेश नाही. दुसरी अट अधिक चमत्कारिक आहे. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना खेळायला मनाई आहे. खेळ फक्त बाहेरून आलेल्या पर्यटकांसाठी. त्यामुळे पत्ता सावंतवाडीचा असेल तर आत घेतात आणि पेडण्याचा असेल तर परत पाठवतात, मधले अंतर एस.टी.च्या तासाभराचेही नसले तरी. गोव्याचे तरुण आत पत्ते वाटायला, ताटे उचलायला आणि हिशेब ठेवायला जातात, खेळायला जाऊ शकत नाहीत. आपल्या लोकांसाठी जे घातक मानले ते पाहुण्यांसाठी चालू ठेवायचे, हा निर्णय पाहुण्याने थोडा विचारात घ्यावा असा आहे.

प्रवेशाचे पैसे ‘पॅकेज’ म्हणून भरायचे असतात. शनिवार-रविवारी दर चढा, आठवड्याच्या मधल्या दिवसांत उतरता. पॅकेजमध्ये जेवण, काही ठिकाणी पेये, रंगमंचावरचे नाचगाणे आणि काही रकमेच्या चिप्स धरलेल्या असतात. या चिप्स बहुधा ‘ओटीपी’, म्हणजे एकदाच खेळायच्या असतात. त्या लावता येतात, जिंकल्यास जिंकलेली रक्कम मिळते, पण न खेळता खिडकीवर देऊन पैसे मागितले तर मिळत नाहीत. पॅकेज ‘वसूल’ करायचे असेल तर खेळावेच लागते, अशी ही रचना. छोटी बोट जोडप्याला जहाजापर्यंत नेते. आत शिरल्यावर घड्याळ दिसत नाही आणि दिवस आहे की रात्र हे खिडकीतून कळेल अशी सोयही खेळाच्या मजल्यावर नसते. खाणे संपत नाही, कर्मचारी अदबीने वागतात, कोणी घाई करत नाही. पैशांच्या जागी रंगीत चकत्या येतात आणि पाचशेची नोट टाकताना थबकणारा हात पाचशेची चकती टाकताना थबकत नाही. आदरातिथ्य खरे असते, पण त्याचा हेतू एकच, पाहुणा जास्तीत जास्त वेळ टेबलाशी राहावा. वेळेला एवढे महत्त्व का, हे समजायला आकडेमोडीत शिरावे लागते.

रुलेटच्या युरोपीय चाकावर ३७ घरे असतात, १ ते ३६ आणि एक शून्य. एका आकड्यावर चकती लावून तो आला, तर ३५ पट बक्षीस मिळते. घरे ३७, आणि आपली चकती धरून हाती येणार ३६. हा एका घराचा फरक म्हणजे कॅसिनोचे उत्पन्न. लाल-काळे, सम-विषम, काहीही लावले तरी वाटा तोच राहतो, शंभर रुपयांमागे सुमारे २ रुपये ७० पैसे. चाकावर दोन शून्ये असतील तर तो ५ रुपये २६ पैसे होतो. लास वेगासच्या काही टेबलांवर हल्ली तीन शून्यांचे चाक आहे, तिथे ७ रुपये ६९ पैसे. म्हणून रुलेटच्या टेबलाशी बसण्याआधी फक्त शून्ये मोजावीत. इतर कोणतीही युक्ती एवढी उपयोगाची नाही.

अंदर-बाहर हा खेळ मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असतो. मधला पत्ता उघडतात आणि त्याच्या जोडीचा पत्ता कोणत्या बाजूला पडतो ते पाहतात. ज्या बाजूला पहिला पत्ता पडतो तिला किंचित फायदा असतो, ती शंभरात साधारण साडेएकावन्न वेळा जिंकते. म्हणून अनेक टेबलांवर त्या बाजूला रुपयाला ९० पैसे आणि दुसऱ्या बाजूला रुपयाला रुपया देतात. या दराने पहिल्या बाजूवर कॅसिनोचा वाटा सव्वादोन टक्क्यांच्या आत आणि दुसऱ्या बाजूवर सुमारे तीन टक्के पडतो. ब्लॅकजॅक नीट शिकून, ठरलेल्या नियमांनी खेळले तर वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो, पण सुट्टीवर आलेले जोडपे तसे खेळत नाही. बॅकारामध्ये ‘टाय’वर पैसे लावणे चौदा टक्क्यांहून महाग पडते. स्लॉट मशिनचा वाटा बाहेरून कळत नाही. प्रत्येक दाबणीचा निकाल यंत्रातील यादृच्छिक आकड्यांवर ठरतो, आणि दोन चित्रे जुळून तिसरे जरासे हुकले की माणसाला ‘थोडक्यात गेले’ असे वाटते. यंत्राला थोडक्यात आणि पुष्कळ यांत फरक नसतो.

यांतले बहुतेक वाटे मटक्याच्या दहा टक्क्यांपेक्षा कितीतरी कमी आहेत. मग कॅसिनो श्रीमंत कसा होतो? उत्तर फेऱ्यांच्या संख्येत आहे. मटक्याचा निकाल दिवसात मोजक्या वेळा लागतो, रुलेटचे चाक तासाला चाळीस वेळा फिरते असे धरता येईल. दर फेरीला पाचशे रुपये लावले तर चार तासांत १६० फेऱ्या आणि ८० हजार रुपयांची उलाढाल. खिशात कदाचित वीस हजारच असतील, पण जिंकलेले पुन्हा लावत गेल्याने तेच पैसे चार वेळा टेबलावरून फिरतात. ८० हजारांचे २.७ टक्के म्हणजे सुमारे २,१६० रुपये. ही त्या संध्याकाळची सरासरी किंमत. प्रत्यक्षात कोणी दहा हजार घेऊन उठेल, कोणी वीस हजार घालवून. सरासरी कॅसिनोला मिळते, कारण त्याच्याकडे रोज हजारो फेऱ्या असतात. जोडप्याच्या वाट्याला येतो तो चढउतार.

हा चढउतार अनेकांना नियमासारखा भासतो. लाल सहा वेळा आले, आता काळे येणारच, असे वाटते. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या एका टेबलावर काळा रंग सलग २६ वेळा आला. दरम्यान लाल येणारच म्हणून लोक ओतत राहिलेले पैसे बुडाले. चाकाला आधीचे काही आठवत नाही. दुसरा लाडका उपाय म्हणजे हरलो की दुप्पट लावायचे. पाचशेपासून सुरुवात केली तर सलग सात वेळा हरल्यावर ६३,५०० रुपये गेलेले असतात आणि आठव्या वेळी ६४ हजार लावावे लागतात, तेही मूळचे पाचशे जिंकण्यासाठी. १६० फेऱ्यांत असा सलग सात हारांचा पट्टा येण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे. शिवाय टेबलावर लावायच्या रकमेला वरची मर्यादा असते, ती याच हिशेबाने.

संभाव्यतेचे गणित युरोपात १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारातून आकाराला आले असे मानतात. त्याच्या कितीतरी आधीची एक गोष्ट विदर्भाच्या अंगणातली आहे. महाभारताच्या वनपर्वात नल आणि दमयंतीची कथा येते. दमयंती विदर्भाची राजकन्या, आणि तिचे कुंडिनपूर म्हणजे वर्धा नदीकाठचे, आजच्या अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपूर, असे परंपरा मानते. नल भावाशी द्यूत खेळतो आणि राज्य हरत जातो. डाव थांबणार नाही हे आधी ओळखते ती दमयंती, आणि सगळे जाण्यापूर्वी ती मुलांना सारथ्याबरोबर माहेरी पाठवून देते. पुढे वेषांतर केलेला नल अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा रथ हाकतो. वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याची पाने आणि फळे किती, हे अंदाजाने सांगतो. नल मोजून पाहतो, आकडा जुळतो, आणि अश्वविद्येच्या बदल्यात तो राजाकडून फाशांचे मर्म शिकतो. थोड्या नमुन्यावरून पुऱ्या झाडाचा अंदाज बांधणे आणि फाशांचे ज्ञान ही एकाच विद्येची अंगे आहेत, हे कथाकाराला ठाऊक होते, याकडे तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी संभाव्यतेच्या इतिहासावरील १९७५ च्या ग्रंथात लक्ष वेधले. प्राचीन फासे बेहड्याच्याच फळांचे असत. यवतमाळच्या जंगलात बेहडा आजही भरपूर आहे, फक्त आता तो त्रिफळा चूर्णात जातो.

आता कर. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत विकत घेतलेल्या चिप्सच्या पूर्ण किमतीवर २८ टक्के जीएसटी लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर त्यावर नव्याने कर नाही, पण पहिल्या खरेदीवर तो चुकत नाही. वीस हजारांच्या चिप्सवर ४० टक्के म्हणजे आठ हजार. वरच्या उदाहरणात कॅसिनोचा सरासरी वाटा २,१६० होता. म्हणजे आजच्या घडीला टेबलावरचा सगळ्यात मोठा लाभधारक सरकार आहे. कंपन्या हा बोजा कधी स्वतः थोडा सोसतात, कधी पॅकेजच्या दरात मुरवतात. पॅकेज घेताना चिप्सची रक्कम करासह की कराव्यतिरिक्त, एवढे विचारून घ्यावे. जिंकलेल्या पैशावर ३० टक्के दराने प्राप्तिकर आणि वर उपकर लागतो. त्यातून हरलेली रक्कम वजा करता येत नाही. शनिवारी जिंकलेले चाळीस हजार रविवारी हरले, तरी कायद्याच्या दृष्टीने उत्पन्न चाळीस हजारच राहते.

पणजीने हा पाहुणा सुखासुखी स्वीकारलेला नाही. सबिना मार्टिन्स यांच्या पुढाकाराने जुगारविरोधी महिलांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. नदी, रस्ता, वाहनतळ आणि शहराची ओळख हे त्यांचे मुद्दे. सत्तेतले पक्ष बदलले, जहाजे हलवण्याच्या घोषणा झाल्या आणि मांडवीतील मुक्कामाला मुदतवाढी मिळत गेल्या, कारण परवाना शुल्काचा पैसा राज्याला हवा असतो. याबाबत लास वेगासशी तुलना उपयोगी पडते. नेव्हाडा राज्याने १९३१ मध्ये, मंदीच्या काळात, जुगार खुला केला. तिथले शहर मुख्यतः कॅसिनोंभोवतीच वाढले. आता तर तिथल्या मुख्य रस्त्यावरच्या हॉटेलांना खोल्या, जेवण आणि कार्यक्रम यांतून मिळणारे उत्पन्न जुगारापेक्षा जास्त आहे. पणजीत शहर आधीपासूनच होते. आदिलशाही राजवाडा, फोंताइनशच्या गल्ल्या, चर्चच्या नागमोडी पायऱ्या आणि पलीकडे बेतीला नेणारी फेरीबोट. हे सारे कॅसिनोच्या पॅकेजशिवाय पाहता येते, आणि जोडप्यातील एकाला खेळात रस नसेल तर त्याची संध्याकाळ या बाजूला अधिक बरी जाते.

दोघांच्या सहलीत पैशाचा प्रश्न एकट्याच्या खेळापेक्षा वेगळा असतो. पाकीट सामायिक, पण लावणारा हात बहुधा एकाचा. हरलेला ‘एवढे भरून काढतो’ म्हणतो आणि दुसऱ्याला उठायचे असते. यावर तंत्र साधे आहे. घालवायची रक्कम घरीच ठरवावी, ती रोख वेगळी ठेवावी, कार्ड आणि मोबाइलवरचे पैसे खेळाच्या मजल्यावर न खेळणाऱ्याकडे द्यावेत आणि परतीच्या बोटीची वेळ आधी पक्की करावी. बहुतेकांची संध्याकाळ एवढ्यावर निभते. काहींची निभत नाही. हरलेले लपवणे, उसने घेणे, खेळ थांबवता न येणे ही जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात नोंदलेल्या जुगार-विकाराची चिन्हे आहेत. तो पाण्यावरच्या जहाजातच जडतो असे नाही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झाले, तोवर ते खिशातल्या फोनवर गावोगाव पोचले होते. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि मराठीतून बोलता येते. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभागही आहे.

जहाज सोडण्यापूर्वी उरलेल्या रोखीच्या चिप्स खिडकीवर वटवून घ्याव्यात, कारण एका कॅसिनोच्या चिप्स दुसरीकडे चालत नाहीत. ‘ओटीपी’ चिप्स उरल्या असतील तर त्यांचे काही मिळत नाही.